१९७१ ची डिलाइट आणि २०२१ ची स्विफ्ट: दोन्ही पसरणी घाटात चालवल्यावर

अजिंक्यतारा (सातारा)

वडिलांनी घेतलेली १९७१ ची फियाट ११०० डिलाइट अजून घरात आहे आणि चालू आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. हीच गाडी पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावांनी विकली गेली. तिच्या शेजारी माझी २०२१ ची स्विफ्ट उभी असते. सातारा-वाई-पाचगणी रस्त्यावर मी दोन्ही चालवतो. म्हणून तुलना लिहायला घेतली. शेवटी एक प्रश्न आहे, जाणकारांनी याच धाग्यात मोकळेपणाने बोलावं.

कागदावर या दोन गाड्या जवळजवळ सारख्या आहेत, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. वजन दोघींचं नऊशे किलोच्या आसपास. लांबीला डिलाइट किंचित जास्तच भरते. तिचं इंजिन १०८९ सीसी, स्विफ्टचं ११९७. पण जुनी जेमतेम चाळीस अश्वशक्ती देते आणि नवी नव्वदीच्या घरात. शंभर सीसीच्या फरकात दुपटीहून जास्त ताकद आली कुठून? डिलाइटला प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, तेही पुशरॉडने हलणारे. कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आठच्याही आत, कारण त्या काळच्या पेट्रोलला त्याहून जास्त सोसत नव्हतं, इंजिन ठोकायला लागायचं. स्विफ्टला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन बाराच्या घरात, आणि प्रत्येक ठिणगी कधी पडायची ते संगणक ठरवतो.

घाटात हा फरक पायाला कळतो. स्विफ्ट पसरणी घाट तिसऱ्या गिअरमध्ये गप्पा मारत चढते. डिलाइटला वळणाआधीच दुसरा टाकून ठेवावा लागतो. पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही. वळणावर वेग गमावला की पंचाईत, म्हणून पुढची दोन वळणं डोक्यात ठेवून चालवायची. पाचगणी वाईपेक्षा साधारण सहाशे मीटर उंच. तिथे हवा विरळ होते, पण हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. तो पेट्रोल तेवढंच सोडतो, मिश्रण घट्ट होतं आणि दांडेघरपर्यंत इंजिन थोडं जड वाटायला लागतं. स्विफ्टमध्ये सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि पेट्रोल आपोआप कमी होतं. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. डिलाइटचा टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच चिकटलेला. चढ संपवून गाडी बंद केली की पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पुन्हा स्टार्टर मारला तर गाडी उचलत नाही. ओलं फडकं पंपावर टाकून थांबायचं, मग चालू. वडिलांच्या डिकीत फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते.

एका बाबतीत मात्र जुनी गाडी मला खरोखर सरस वाटते: बाहेरचं दिसणं. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब बोटभर रुंद, त्यामुळे वळणावर समोरून येणारा दुचाकीवाला आधीच दिसतो. स्विफ्टचा खांब एवढा रुंद आहे की डाव्या-उजव्या वळणांत अख्खी मोटारसायकल त्याच्यामागे लपते. मला मान पुढे काढून बघायची सवय लावून घ्यावी लागली.

आता प्रश्न. चुलतभाऊ म्हणतो, जुनं इंजिन काढून स्विफ्टसारखं नवं बसव, पुढे डिस्क ब्रेक, एसी, पॉवर स्टिअरिंग. बाहेरून डिलाइट, आतून नवी. वडील म्हणतात, एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. मला गाडी शोभेसाठी झाकून ठेवायची नाही, चालती ठेवायची आहे. काय करावं?

यवतेश्वर

सुंदर लिहिलंय. दादा, आमच्याकडेही फियाटच होती. फोटो टाका ना.

मसूर रोड

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या गाड्यांचा पत्रा बघा, ठोकला तर हात दुखतो. आजच्या गाड्यांना अंगठा दाबला तरी पोचा पडतो. आत माणूस कुठे जास्त सुरक्षित, सांगायची गरज नाही. इंजिन बदला, पण बॉडीला हात लावू नका.

विश्रामबाग (सांगली)

मसूर रोड, हा समज फार पसरलेला आहे आणि तो जीवावर बेतू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००९ साली गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या. दोन्हींचा वेग ताशी ६४ किलोमीटर, धडक पूर्ण समोरून नाही, एका बाजूने. जुनी गाडी आकाराने मोठी, पत्रा दणदणीत. निकाल असा की बेल एअरचा चालकाचा भागच चेपला गेला. तिथे माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक पार चुरगळलं, पण आतली जागा शाबूत राहिली आणि चालकाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती.

कारण साधं आहे. धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम मऊ ठेवतात, तो चुरगळताना ऊर्जा खातो. माणसं बसतात ती पेटी मात्र उच्च ताकदीच्या पोलादाची. ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची, पन्नाशीच्या दशकातली. १९५९ मध्ये त्यांची पहिली तशी गाडी बाजारात आली, आणि त्याच वर्षी व्होल्वोने तीन ठिकाणी बांधलेला सीट बेल्ट आणला. जाड पत्र्याच्या जुन्या गाडीचा पुढचा भाग अशी ऊर्जा खात नाही; मग माणसांची जागाच चेपते, नाहीतर सगळा झटका आतल्या माणसाच्या छातीला बसतो. शिवाय त्या काळी स्टिअरिंगचा दांडा अखंड लोखंडी असायचा, चालकाच्या छातीवर रोखलेला.

अजिंक्यतारा, तुम्हाला ज्या रुंद खांबाचा त्रास होतो, तो खांब गाडी उलटली तर छत पेलण्यासाठी तसा आहे. कधी त्याच्या आत पडद्यासारखी एअरबॅगही असते. दिसणं गेलं ते त्याच्या बदल्यात. मान पुढे काढण्याची सवय बरोबरच आहे.

मसूर रोड

बेल एअरचा तो प्रयोग माहीत नव्हता. पटलं. मग प्रश्न असा की अशी गाडी घाटात न्यावीच का?

अजिंक्यतारा

पसरणीत सकाळी लवकर, रहदारी नसताना नेतो. खंबाटकी घाटात आणि महामार्गावर ती नेत नाही. तिथे पुण्याकडून येणारे ट्रेलर आणि बस चढावरही मागे लागतात. पहिला टाकायला थांबावं लागणाऱ्या गाडीचं तिथे काम नाही.

हळदपेठ (सांगली)

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण आमच्याकडे दोन्ही काळांच्या गाड्यांची परीक्षा पुराने घेतली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या गल्लीत काकांची जुनी अॅम्बॅसिडर आणि शेजाऱ्यांची दोन वर्षांची नवी गाडी, दोन्ही छतापर्यंत बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर काकांनी स्टार्टरला हात लावला नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. प्लग काढले, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं, सिलिंडरमध्ये तेल सोडलं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, तिन्हींची तेलं ओतून टाकली. ड्रम उघडून गाळ धुतला, बेअरिंगला नवं ग्रीस. डायनॅमो आणि स्टार्टर उघडून उन्हात वाळवले. सीट पार फेकल्या. दिवाळीच्या आत गाडी रस्त्यावर होती, आणि हे सगळं काम मिरजेच्या एका फिटरने पान्यांवर केलं.

शेजाऱ्यांच्या गाडीत पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं होतं. इंजिनचा संगणक, एअरबॅगचा संगणक, गाडीभर पसरलेलं वायरिंग, सगळं गाळात. एकेक भाग बदलायचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी संपली असं धरते. तसंच झालं. पैसे मिळाले, गाडी भंगारात गेली. नवी गाडी वाईट असं मी म्हणत नाही. माणसं वाचवायला तीच चांगली. पण ती एकदा बिघडली की आपल्या हातात काही राहत नाही, आणि जुनीत राहतं. ज्या घरात डिलाइट पन्नास वर्षं टिकली, तिथे ती याच कारणाने टिकली असणार.

म्हणून चुलतभावाचं ऐकू नका. नवं इंजिन बसवलं की तुम्ही डिलाइटमध्ये संगणक आणाल, वायरिंग आणाल, आणि वर त्या जोडकामाला जबाबदार कोणी नाही.

कराडचा फिटर

हळदपेठ भाऊंनी बरोबर लिहिलंय. मी फियाटवर काम शिकलो, अजून पाच-सहा गाड्या येतात. इंजिन बदलायचं कोणी म्हणालं की मी सरळ नाही म्हणतो. नवं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, फियाटचं उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. मध्ये गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, माउंटिंग, सगळं कापून जोडावं लागतं. जिथं कापाल तिथं पत्रा कमजोर. मग लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात, दिसायला झकास, आतून गंज.

पण वडिलांचं "एक स्क्रू बदलायचा नाही" हेही मला मान्य नाही. काही गोष्टी बदलायलाच पाहिजेत. ब्रेक पहिले. जुन्या फियाटचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पाय दाबला की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, एका सर्किटचा. कुठलंही एक पाइप फुटलं, एक सील गेलं, तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवता येतो, बाहेरून कळत पण नाही. ड्रम राहू द्या. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या शूपासून लांब जातो, आणि पाय खाली खाली जायला लागतो. पण हे उतारावर ब्रेक दाबून धरणाऱ्याला होतं. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, ड्रम गार राहतात. न्यूट्रल करून उतरणारे लई लोक मी बघतो, त्यांना सांगून सांगून घसा बसला.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि तुमच्याकडचा पाऊस मी काय सांगू.

पोवई नाका

कायद्याची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं त्यात येतं. विमाही अडचणीत येऊ शकतो.

२०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. फी नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. मुदत दहा वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्याने नोंदवली तर 'व्हीए' मालिका मिळते. तुमची १९७१ ची आहे, म्हणजे वयाने बसते. पण इंजिन बदललंत तर हा रस्ता बंद.

अजिंक्यतारा

विंटेज नोंदणीवर गाडी रोज चालवता येते का? वडिलांना तिच्यातूनच राजवाड्यापर्यंत जायला आवडतं.

पोवई नाका

नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. वडिलांना बाजारात न्यायची असेल तर साधी खाजगी नोंदणीच चालू ठेवा. दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण. कटकट आहे, पण गाडी वापरात राहते.

विश्रामबाग (सांगली)

इंधनाचा मुद्दा राहिला, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आता पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे. त्यातला बराच इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचा. कृष्णा आणि वारणेच्या काठी कारखान्यांना त्याने आधार दिला, माझ्या माहेरचा ऊसही तिकडेच जातो. मी त्याच्या विरोधात नाही. पण १९७१ च्या गाडीला त्याची तयारी करून द्यावी लागते.

इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला मऊ करतो किंवा फुगवतो. पंपाचा पडदा, पाइप, कार्ब्युरेटरची सील, सगळीकडे. पाइप बाहेरून धड दिसतो आणि आतून सुटत जातो. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर आग. दुसरं म्हणजे इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल जायच्या बारीक भोकातून) तेवढंच इंधन गेलं तरी मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. इंजिन गरम चालतं, अॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर अडखळतं. स्विफ्टमध्ये धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून जास्त इंधन सोडतो. डिलाइटमध्ये जेट माणसाने बदलावा लागतो. तिसरं, इथेनॉल पाणी ओढतो. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली आणि टाकीत पुरेसा ओलावा गेला, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, आणि जुन्या टाकीचा पत्रा आतून गंजतो.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी वालचंद कॉलेजात शिकले. ज्यांच्या नावाने ते कॉलेज आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली होती. तुमची डिलाइट त्यांच्या कारखान्यातली. म्हणून या गाडीचं मूळ इंजिन मूळ जागी राहावं असं मला मनापासून वाटतं.

यवतेश्वर

मग शेवटी जुनी भारी की नवी?

विश्रामबाग (सांगली)

रोजच्या वापराला, मुलाबाळांना घेऊन, रात्री, पावसात, महामार्गावर: नवी, आणि त्यात दुमत नको. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला सक्तीचं आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारूनही स्टिअरिंग हातात राहतं, एवढ्या एका गोष्टीवर निर्णय व्हायला हवा. धुराचंही तसंच. डिलाइट बनली तेव्हा देशात पेट्रोल गाड्यांना धुराचा निकषच नव्हता, तो बराच नंतर आला. स्विफ्ट बीएस-६ या कडक निकषाची. दोघींच्या मागे उभं राहिलं की नाकालाच कळतं.

जुनी गाडी कमी चालवावी, नीट चालवावी, आणि ती कशी चालते ते घरातल्या पुढच्या पोराला शिकवावं. बॉनेट उघडल्यावर पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठे पडते, हे बोट ठेवून दाखवता येणारी गाडी आता दुसरी कुठली राहिली आहे?

अजिंक्यतारा

सगळ्यांचे आभार. काल वडिलांना धागा वाचून दाखवला. एका सर्किटच्या ब्रेकचा मुद्दा ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, "ते करून घे." पाइपांनाही हरकत नाही. पुढे सीट बेल्ट बसवू दे म्हणालेत, पण ड्रिल मारताना स्वतः हजर राहणार. इंजिनाचा विषय संपला. चुलतभावालाही कलम ५२ वाचायला दिलं.

फिटर दादा, ही कामं तुमच्याकडेच करायची आहेत. कुठला पाइप आणू? आणि गाडी थांबली की हेडलाइट मंद होतात, त्याचं काही होईल का?

कराडचा फिटर

पाइप साधा काळा घेऊ नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचा घ्या, अंगावर "एसएई जे३० आर९" छापलेलं बघून. त्याला आतून इथेनॉल सोसणारा थर असतो. क्लिपा पण नव्या, गोल दाबणाऱ्या; जुन्या क्लिपा पाइप कापतात.

लाइटचं कारण डायनॅमो, बॅटरी चार्ज करणारा. इंजिन हळू फिरलं की तो चार्ज करतच नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. हळू फिरतानाही चार्ज करणारा अल्टरनेटर बसवता येतो, पण वडिलांना बॉनेटखाली तो दिसेल, आधी विचारा. नाहीतर हेडलाइटला रिले लावतो, म्हणजे बॅटरीतून थेट करंट देणारा वेगळा स्विच. जुन्या स्विचमधून करंट जाताना गळतो तो वाचेल, उजेडात फरक पडेल आणि काही कापावं लागणार नाही.

सीट बेल्टला नुसतं ड्रिल मारून बोल्ट घट्ट करायचा नाही, पत्र्याच्या मागं जाड प्लेट वेल्ड करावी लागते, नाहीतर झटक्यात बोल्ट पत्र्यासकट उपटतो. त्यासाठी खालचं मॅट आणि मागची सीट काढून आणा. टाकी अर्ध्याच्या खाली ठेवा, उतरवून आतून बघायची आहे. काढलेला मास्टर सिलिंडर आणि जेट मी पिशवीत घालून परत देतो, फेकू नका.